दुर्लक्षित रीफ टाकी: आहे तिथेच सावरायची की उपसून नव्याने मांडायची?

सात-आठ महिने कुणी हात न लावलेली ६० लिटरची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि मासे पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, समोर आली की पहिला विचार सगळं उपसून काढायचाच येतो. काचेवर जाड थर, खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ, पाणी चार बोटं खाली उतरलेलं, झाकणाच्या कडेला मिठाचे पापुद्रे. तरीही कोपऱ्यात एक क्लाउनफिश फिरत असतो. शेवाळ बोटाने बाजूला सारलं, तर खाली मशरूम प्रवाळ शर्टाच्या बटणाएवढे आवळून बसलेले दिसतात. म्हणजे टाकी मेलेली नाही. प्रश्न एवढाच, की तिला वाचवायचं कसं.

वाटा दोन आहेत. एक म्हणजे टाकी जागच्या जागी ठेवून दोन-तीन महिन्यांत थोडी थोडी ताळ्यावर आणायची. दुसरी म्हणजे जिवंत आहे ते तात्पुरत्या टबात हलवायचं, वाळू टाकून द्यायची, खडक धुवायचे किंवा बदलायचे आणि नव्याने सुरुवात करायची. मी दोन्ही केल्या आहेत. माझा कल पहिलीकडे आहे. पण काही टाक्यांना दुसरीच लागू पडते, आणि ते ओळखायचं तर काचेपेक्षा वाळू आणि खडक बघावे लागतात.

जिवांच्या दृष्टीने दोन्ही वाटा सारख्याच

ही गोष्ट मला उशिरा कळली, म्हणून आधी सांगतो. टाकी उपसली की प्रवाळांची आणि माशांची खराब पाण्यातून लगेच सुटका होते, असं वाटतं. तसं होत नाही. ते त्या पाण्याला सरावलेले असतात. खारटपणा वाढत गेला, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) घसरत गेली, नायट्रेट (घाण कुजून उरणारं द्रव्य) साचत गेलं, आणि हे सगळं महिनोन् महिने चाललं. त्यांना एका दिवसात उत्तम पाण्यात सोडणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझ्या पहिल्या टाकीत मी एकाच दिवशी ८० टक्के पाणी बदललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी आडवी पडलेली होती आणि लेदर प्रवाळ मलूल होऊन मान टाकून होतं. नवं पाणी अगदी चोख होतं, बदल मात्र त्यांना झेपला नाही.

आकडे मांडले की हे स्पष्ट दिसतं. नायट्रेट लिटरला ८० मिलिग्रॅम असेल आणि एकदम ८० टक्के पाणी बदललं, तर ते १६ वर येतं. दर आठवड्याला २० टक्के असं पाच वेळा बदललं, तर साधारण २६ वर येतं, मधल्या काळात नवीन नायट्रेट फारसं तयार झालं नाही असं धरून. म्हणजे पाच आठवड्यांत जवळपास तिथेच पोहोचता, फक्त कुणाचा जीव न घेता.

खारटपणाचंही तेच. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून पातळी उतरलेल्या टाकीत ४० पीपीटी (हजार भागांत ४० भाग मीठ) दिसलं तर नवल नाही. हवं असतं ३५ च्या आसपास. ६० लिटरच्या टाकीत खडक-वाळू वजा जाता ५० लिटर पाणी धरा. रोज सव्वा लिटर काढून तेवढंच आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेलं शुद्ध पाणी घातलं, तर दिवसाला सुमारे १ पीपीटी उतरतं. उतरलेली पातळीसुद्धा एका दमात भरायची नाही, तीही अशीच चार-पाच दिवसांत. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरत असाल, तर तो ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं यंत्र ३५ च्या जवळ चुकू शकतं, आणि मग पुढचं सगळंच चुकतं.

अल्कलिनिटी ५ डीकेएचवर (डीकेएच हे तिचं माप) आलेली असेल, तर तीही रोज १ पेक्षा जास्त वाढवू नका. खायचा सोडा चालतो: ५० लिटर पाण्याला १ डीकेएच वाढवायला साधारण दीड ग्रॅम, आरओ पाण्यात पूर्ण विरघळवून, पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडायचा. ८ ते ९ वर आली की थांबा.

टाकी उपसली तरी टबातल्या जिवांना हा सगळा उतार असाच, याच गतीने चालायला लागतो. टबात सुरुवातीला जुनंच पाणी भरावं लागतं. शिवाय टबात गाळणीचं काम करणारे जिवाणू जवळपास नसतात. ते राहतात खडकांवर आणि वाळूत, पाण्यात फारसे नाहीत. म्हणून टबात रोज अमोनिया तपासायचा, हीटर आणि पंप लावायचा, आणि शक्य असेल तर जुना एक चांगला खडक सोबत ठेवायचा. उपसण्याने वेळ वाचतो असं म्हणणारे या टबाचे चार ते सहा आठवडे मोजत नाहीत.

मग उपसण्याचा फायदा कुणाला? वाळूला आणि खडकांना. निर्णय तिथेच होतो.

वाळू

बाजूच्या काचेला टॉर्च लावून वाळूचा थर बघा. वरचा करडा-पांढरा भाग, खाली तपकिरी, इथपर्यंत ठीक. तळाशी काळे पट्टे दिसले, तर एक बारीक पारदर्शक नळी काचेलगत खाली खुपसा, वरचं तोंड अंगठ्याने दाबा आणि वर काढा. त्या नळीतल्या वाळूला कुजलेल्या अंड्यांचा वास आला, तर तळाशी हायड्रोजन सल्फाइड आहे. माझ्या टाकीत असा थर दोन बोटं जाड होता आणि नळी बाहेर काढताच खोलीभर वास पसरला. असली वाळू टाकीत ढवळली, तर विष थेट पाण्यात उतरतं. मासे तासाभरात तोंड वर काढून धापा टाकू लागतात.

थर ३-४ सेंटीमीटर आणि वास नाही, तर जागेवरच काम होतं. दर आठवड्याच्या पाणीबदलात एक चतुर्थांश भाग सायफनने स्वच्छ करायचा, चार आठवड्यांत सगळी वाळू होते. थर जाड आणि काळा असेल तर उपसण्याचं पारडं जड होतं. तरी इथेही एक मधली वाट आहे, आणि मी तीच धरली: सायफनची नळी रुंद घ्यायची आणि वाळू स्वच्छ न करता थेट बादलीत काढून टाकायची, दर आठवड्याला एक कोपरा. पाचव्या आठवड्यात तळ उघडा झाला. जीव कुठेही हलवावे लागले नाहीत. उघडा तळ दिसायला थोडा ओकाबोका वाटतो, पण घाण साचली की लगेच दिसते, आणि छोट्या टाकीत हा फार मोठा फायदा आहे.

खडक

रात्री दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा. भोकांतून बारीक किडे, केसाळ गांडुळं, टुणटुण उड्या मारणारे ठिपक्याएवढे जीव बाहेर आलेले दिसले, तर वरती कितीही शेवाळ असू दे, तो खडक जिवंत आहे. अशा खडकाची किंमत नव्या टाकीत पहिलं वर्षभर जाणवते. कोरड्या खडकांवर सुरू केलेली टाकी आधी डायटम या सूक्ष्म तपकिरी शेवाळाने माखते. पुढे नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकलं, तर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जिवांचे, बुडबुडे अडकलेले चिकट धागे मागे लागतात. जुना खडक ठेवला की हे बरंचसं टळतं.

जुन्या खडकाची अडचण वेगळी: फॉस्फेट. तो कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेट धरून राहतं. पाणी बदललं की आकडा खाली येतो आणि दोन-तीन दिवसांत खडकातून फॉस्फेट सुटून पुन्हा वर जातो. यात टाकी बिघडलेली नाही, साठलेलं बाहेर पडतंय. फेरिक ऑक्साइडची फॉस्फेट शोषणारी पूड थोड्या मात्रेत, वारंवार बदलत वापरली तर काही महिन्यांत हे निवळतं. एकदम भरपूर वापरून आकडा खाली आपटू नका, प्रवाळांना तो धक्का सोसत नाही. आणि हाच खडक धुऊन नव्या टाकीत मांडला, तर फॉस्फेटही सोबत येतं, म्हणजे उपसूनही प्रश्न तिथेच राहतो.

शेवाळ हाताने उपटायचं. खडक बाहेर काढून टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घासला तर टाकीत तुकडे उडत नाहीत. एप्टेशिया, म्हणजे ते तपकिरी, काचेसारखे पारदर्शक छोटे अॅनिमोन, मात्र उपटायचे नाहीत. तुटलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. दहा-पंधरा असतील तर काल्कवासरची (चुन्याची, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची) घट्ट पेस्ट सिरिंजने थेट तोंडावर सोडा किंवा पेपरमिंट कोळंबी ठेवा. प्रत्येक खडकाच्या प्रत्येक भेगेत असतील, तर मी खडक बदलायलाच सांगेन.

उपसणार असाल तर हे आधी वाचा

खडकांवर झोएन्थिड किंवा पॅलिथोआ असतील, म्हणजे बटणांच्या गालिच्यासारखे जवळजवळ उगवलेले, कडेला मिशा असलेले पॉलिप, तर तो खडक कधीही उकळू नका. उकळतं पाणी ओतू नका, वाफेने धुवू नका, कोरडा घासू नका. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ते वाफेतून किंवा उडालेल्या तुषारांतून श्वासात गेलं, तर घरातली सगळी माणसं आणि पाळीव प्राणी आजारी पडू शकतात. असे प्रकार खरोखर घडलेले आहेत. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावूनच हात घाला, खडक ओला ठेवा, बोटाला जखम असेल तर त्या दिवशी काम पुढे ढकला.

मेलेले खडक ब्लीचमध्ये बुडवणार असाल, तर ते बाहेर मोकळ्या हवेत करा. त्याच बादलीत व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. नंतर क्लोरीन काढणारं रसायन वापरून, भरपूर धुऊन खडक पूर्ण वाळू द्या.

यंत्रं आणि प्रकाश

पंप आणि हीटरचं दोन्हीकडे सारखंच: प्लग काढून व्हिनेगरमध्ये भिजवा, पंपाच्या पंख्यावरचे खडे निघतात. प्लगवर मिठाचा थर असेल तर प्लग बदला.

प्रकाशात मात्र जागेवर सावरणारे फसतात. जुनं पाणी पिवळसर झालेलं असतं आणि काचेवर थर असतो. काच पुसली, पाण्यातला पिवळेपणा शोषणारा कार्बन टाकला, दोन दिवसांत पाणी आरपार स्वच्छ झालं, की त्याच दिव्याचा प्रवाळांवर पडणारा प्रकाश अचानक वाढतो आणि ते पांढरे पडतात. म्हणून साफसफाईच्या आधी दिवा निम्म्यावर आणा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवा.

कुणी कुठली वाट धरावी

सिलिकॉनचे सांधे सुटत असतील, पूर्वी टाकीत तांब्याचं औषध वापरलं असेल, किंवा एप्टेशिया सगळीकडे पसरला असेल, तर उपसा. तांबं खडकात-वाळूत मुरून राहतं आणि कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ त्याला टिकत नाहीत. टाकीत एकही जिवंत प्रवाळ उरलं नसेल आणि मासा दुसऱ्या चालू टाकीत जाऊ शकत असेल, तरीही उपसणं सोपं पडेल.

बाकी सगळ्यांनी जागेवर सुरुवात करावी. रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून एकदा तास-दीड तास. बाराव्या दिवशी माझ्या टाकीतला पहिला मशरूम उलगडला, बटणाचा बशीएवढा व्हायला सहा आठवडे लागले. मधे काही आठवडे काहीच हलत नाही आणि जीव टांगणीला लागतो, तेव्हा बादल्या आणून सगळं उपसावंसं वाटतं. त्या वेळी एवढं लक्षात ठेवा, की जागेवर सावरता सावरता कुठल्याही दिवशी उपसण्याकडे वळता येतं, पण टाकून दिलेला जिवंत खडक परत आणता येत नाही. सहा आठवडे नियमाने पाणी बदलूनही फॉस्फेट दर वेळी जुन्याच आकड्यावर परत येत असेल, तर सगळी टाकी न मोडता सर्वांत शेवाळलेला एक खडक बाहेर काढा, महिनाभर आकडा बघा, आणि मग दुसऱ्याला हात लावा.