नवतपात काय बघावं: 'स्ट्राइक बॅक', 'द फॅमिली मॅन' की 'स्पेशल ऑप्स'?

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, नागपूरच्या माणसाला दुपारी दोनच कामं उरतात. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं आणि त्याच कूलरपुढं बसायचं. भाचा परीक्षा आटोपून आमच्याकडं आलेला, आणि अकरा वाजल्यावर उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही असा त्याच्या आजीचा हुकूम. त्यानं मला गाठलं. "मामा, दहशतवाद्यांच्या मागं लागणाऱ्या एजंटांची एखादी भारी सिरीज सांगा ना. पण एकच सांगा, तुमच्यासारखी दहा नावं नको."

मी तीन सांगितली. एकावर थांबता येईना, कारण तिन्ही एकाच दुकानातल्या दिसल्या तरी माल वेगळा आहे.

त्याच्या मनात होती ती 'स्ट्राइक बॅक'. एसएएस या ब्रिटिश कमांडो दलातला माजी सैनिक ख्रिस रायन याच्या 2007 सालच्या कादंबरीवरून ही ब्रिटिश मालिका 2010 मध्ये आली. पहिल्या सीझनमध्ये रिचर्ड आर्मिटेज आहे आणि भाग फक्त सहा. पुढच्या वर्षी अमेरिकेचं सिनेमॅक्स हे चॅनेल भागीदार झालं आणि मालिकेनं कातच टाकली. नायक बदलले, वेग वाढला, पैसाही दिसू लागला. अमेरिकेत तर 2011 चाच सीझन 'पहिला' म्हणून दाखवला. म्हणून यादीत सीझनचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका. 2020 पर्यंत आठ सीझन झाले, भाग 76. मी म्हणेन, 2011 पासून सुरू करा. आर्मिटेजचा सीझन वाईट नाही, उलट त्यात एक उदासी आहे जी पुढं कधी परत आली नाही. पण वेगाच्या आशेनं बसलेला माणूस तिथंच पेंगतो.

2011 पासून कथा आहे 'सेक्शन 20' या ब्रिटिश गुप्तचर तुकडीची आणि तिच्यातल्या दोन गड्यांची. स्टोनब्रिज हा ब्रिटिश, शिस्तीचा. स्कॉट हा अमेरिकी, फौजेतून काढलेला, बाई-बाटलीत रमणारा. गंमत अशी की ब्रिटिश स्टोनब्रिज झालेला फिलिप विंचेस्टर अमेरिकेत जन्मलेला आणि अमेरिकी स्कॉट झालेला सुलिव्हन स्टेपलटन ऑस्ट्रेलियाचा. पडद्यावर शंका येत नाही. त्या सीझनमध्ये दोन-दोन भागांची एक मोहीम, नवा देश, नवा कट, आणि पाठीमागं सीझनभर चालणारा एक मोठा धागा. दीड तासाचा ऐवज संपतो तेव्हा रात्रीचा एक वाजलेला असतो आणि हात आपोआप पुढच्या भागाकडं जातो.

तिची ओढ बंदुकांची आहे असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. आमच्या गल्लीत कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून निवृत्त झालेले एक सुभेदार साहेब राहतात. हिंदी पिक्चरमधला गोळीबार लागला की ते चॅनेल बदलतात. त्यांना एक भाग दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मॅगझिन बदलून राहिले ना बाप्पा हे!" खोलीत शिरताना एक डावा कोपरा घेतो, दुसरा उजवा; एकाच्या गोळ्या संपल्या की दुसरा त्याला झाकतो; गरज नसताना बोट ट्रिगरवर नसतं. नटांना माजी कमांडोंकडून तालीम दिली होती, ती अशी दिसते. माझ्या मते या मालिकेची खरी गोडी इथंच आहे. दोन माणसं न बोलता एकमेकांचं काम ओळखतात. भजनी मंडळात टाळकरी पखवाजवाल्याकडं न पाहता सम गाठतो, तसं. बाकीचं स्फोट वगैरे शोभेचं.

भाग संपल्यावर सुभेदारांनी मात्र विचारलं, "पण एवढ्या गोळ्यांचा हिशेब कोण देते?" फायरिंग रेंजवर त्यांना रिकामी काडतुसंसुद्धा मोजून परत करावी लागत.

तिन्ही मालिका तोलायला हाच काटा मी पुढं वापरला. 'स्ट्राइक बॅक'मध्ये हिशेब नाही. अर्धं शहर पेटवून दोघं पुढच्या विमानात. घर जवळजवळ नाहीच, आणि कुठं थोडं आहे तिथं ते जखमेपुरतं येतं.

'द फॅमिली मॅन'मध्ये घर हीच दुसरी आघाडी. राज आणि डीके यांची ही मालिका 2019 ला आली. मनोज वाजपेयीचा श्रीकांत तिवारी एनआयएच्या 'टास्क' नावाच्या काल्पनिक शाखेत आहे आणि घरच्यांना वाटतं, साहेब ऑफिसात फायली सरकवतात. पगार पुरत नाही, बायको वैतागलेली, पोरगी ऐकत नाही, आणि फोनवर कुणीतरी म्हणतंय की संशयित निसटला. दुसऱ्या सीझनमध्ये तो ही नोकरी सोडून आयटी कंपनीत बसतो आणि वयानं लहान बॉसची प्रवचनं ऐकतो. मला ते प्रसंग कुठल्याही चकमकीपेक्षा जास्त जिव्हारी लागले. जोडी इथंही आहे. शारिब हाश्मीचा जेके तळपदे. स्कॉट-स्टोनब्रिज एकमेकांसाठी गोळी झेलतील. श्रीकांत आणि जेके गाडीत बसून एकमेकांचं डोकं खातील, आणि वेळ आली तर गोळीही झेलतील. आपल्याला कोण जास्त ओळखीचं वाटेल ते सांगायला नको.

हाणामारीत ती मागं पडते असंही नाही. पहिल्या सीझनमधला हॉस्पिटलातला हल्ला, कॅमेरा न थांबता मजल्यामजल्यांवरून फिरतो तो, 'स्ट्राइक बॅक'च्या कुठल्याही भागाशेजारी ठेवा. फरक इतकाच की तिथं मला वाटत राहिलं, हा माणूस दमलाय. स्कॉट दमलेला मला कधी दिसला नाही.

तीन सीझनचे मिळून 26 भाग. दुसऱ्यात बरंच संभाषण तमिळमध्ये आहे, सबटायटल लावूनच बसा.

'स्पेशल ऑप्स'ची गोष्ट थोडक्यात. नीरज पांडेची, 2020 ची. के के मेननचा हिम्मत सिंग रॉमध्ये आहे आणि 2001 च्या संसदेवरच्या हल्ल्यापासून एका सूत्रधाराचा माग काढतोय. सुभेदारांच्या प्रश्नाचं उत्तर या मालिकेनं आधीच देऊन ठेवलंय, कारण पहिला सीझन उभाच आहे खर्चाच्या चौकशीवर. दोन अधिकारी समोर बसून विचारतात, पैसे कुठं गेले? आणि हिम्मत सिंग गोष्ट सांगतो. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला यातली मजा लगेच कळते. हिम्मत सिंगनं परदेशात पेरलेल्या पाच एजंटांचे भाग मात्र कमीजास्त आहेत. मेनन पडद्यावर नसला की मी चहा ठेवायला उठायचो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. 'स्ट्राइक बॅक'च्या 2011 च्या सीझनमधली पहिलीच मोहीम आहे दिल्लीतल्या एका हॉटेलावरच्या हल्ल्याची. बंदूकधारी, ओलीस धरलेले पाहुणे, कॉरिडॉरमधला धूर. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेतलं, आणि आपल्या डोळ्यांना ते कळतं. ती दिल्ली काही दिल्ली वाटत नाही. तरी 26/11 नंतर तीनच वर्षांनी आलेलं ते दृश्य महाराष्ट्रातला माणूस निव्वळ करमणूक म्हणून पाहू शकेल असं मला वाटत नाही. मी मध्येच थांबवलं होतं. लंडनच्या प्रेक्षकासाठी ती दूरची जागा, आपल्यासाठी नाही.

आणि नागपूरसाठी तर नाहीच. 1 जून 2006 ची पहाट, तीही नवतपातलीच. तेव्हा आम्ही संघ मुख्यालयाच्या महाल भागात राहायचो आणि उकाड्यापायी गच्चीवर झोपायचो. आवाज आले तेव्हा वाटलं, कुणाच्या तरी वरातीतले फटाके. सकाळी कळलं की संघ मुख्यालयावर चालून आलेल्या तिघांना पोलिसांनी तिथंच टिपलं होतं. उजाडायच्या आत सगळं आटोपलेलं. ना पाठलाग, ना पार्श्वसंगीत. त्या दिवसापासून पडद्यावरच्या वीस-वीस मिनिटांच्या चकमकी पाहताना मी मनातल्या मनात घड्याळ लावतो. खोट्या म्हणून नाही. ती लांबी प्रेक्षकाच्या सोयीची आहे हे कळावं म्हणून.

आता निवडायचं कसं? आधी बघा, खोलीत कोण आहे. 'स्ट्राइक बॅक'मध्ये रक्त आहे तितकीच नग्नताही आहे, आणि ती सांगून येत नाही. हॉलमध्ये आई भाजी निवडत बसलेली असताना ही मालिका लावणं म्हणजे रिमोट हातात घेऊन सीमेवर पहारा देणं. 'फॅमिली मॅन' नावाला फॅमिली, शिव्या मात्र भरपूर. तिघींत त्यातल्या त्यात सोवळी 'स्पेशल ऑप्स'च.

मग वेळ. तीन रात्री रिकाम्या आहेत, डोकं बाजूला ठेवायचंय, कुणी भावनिक छळ करायला नको, तर 'स्ट्राइक बॅक'चा 2011 चा सीझन. पहिल्या चार भागांत स्कॉट-स्टोनब्रिजची जोडी आवडली नाही तर तिथंच सोडा. पुढच्या सीझनमध्येही मुद्दल तेच आहे. 2017 नंतरची नवी टीम मला तितकी लागली नाही. दोघांच्या जागी चौघं आले आणि ती सम हुकली. मालिका संपल्यावर कुणाशी तरी वाद घालायचा असेल, श्रीकांतनं बायकोला खरं सांगायला हवं होतं का वगैरे, तर 'फॅमिली मॅन'ला पर्याय नाही. 'स्ट्राइक बॅक'वर वाद घालण्यासारखं काही उरत नाही, आणि ते तिनं कबूलही केलेलं आहे.

या तिघींहून कडू काही हवं असेल तर 2015 पासूनची इस्रायली 'फौदा' आहे, वेश पालटून काम करणाऱ्या लष्करी तुकडीची. तिच्या निर्मात्यांपैकी एक आणि मुख्य नटही असलेला लिओर राझ स्वतः अशा तुकडीत होता. पण ती दुपारी, पोट भरून पाहायची गोष्ट नाही.

भाच्यानं शेवटी काय केलं? रात्री हेडफोन लावून 'स्ट्राइक बॅक', दुपारी आजीसोबत 'स्पेशल ऑप्स'. तिसऱ्या दिवशी आई मला विचारत होती, "काऊन रे, त्या मेननचे पैसे मंजूर झाले का?"