सेको एसकेएक्स००७ : खाऱ्या पाण्यात वापरलेलं ऑटोमॅटिक

ओहोटी लागली की विद्यार्थ्यांना घेऊन मालवणच्या खडकांत उतरायचं, डबक्यांत कोपरापर्यंत हात घालून शंख, खेकडे, शेवाळं नोंदवायची आणि भरतीचं पाणी चढायच्या आत सगळ्यांना वर काढायचं, हे माझं काम. मी प्राणिशास्त्र शिकवते. या कामात मनगटावर सेको या जपानी कंपनीचं एसकेएक्स००७ असतं. हे पाणबुड्यांसाठीचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने स्प्रिंग गुंडाळली जाणारं घड्याळ. १९९६ साली आलेलं हे मॉडेल कंपनीने २०१९च्या सुमारास बंद केलं, पण वापरलेली घड्याळं अजून विकत मिळतात आणि घ्यावं का, असं मला बरेचदा विचारलं जातं.

डायलवर ‘डायव्हर्स २०० मी.’ असं छापलेलं आहे. त्यामागे आयएसओ ६४२५ हे पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. साध्या ‘वॉटर रेझिस्टंट’ घड्याळांच्या बाबतीत लॉटमधली थोडी घड्याळं तपासली तरी चालतात. या मानकात मात्र प्रत्येक घड्याळ दाबाखाली तपासावं लागतं, आणि तेही सव्वापट दाबाने. २०० मीटर म्हणजे सुमारे २० बार (दाबाचं एकक), म्हणून अशा घड्याळाला २५ बार. आणखी एक तपासणी मला फार आवडते. घड्याळ ४०–४५ अंशांपर्यंत तापवतात, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसतात. काचेच्या आतून धुकं धरलं, तर आत ओल आहे हे तिथल्या तिथे कळतं.

पाणी शिरायच्या वाटा मुख्यतः तीन : चावी (काटे लावायची बाजूची गुंडी), मागचं झाकण आणि काच. मागचं झाकण आट्यांचं आहे आणि त्याखाली रबरी रिंग बसते. काच जाड, सपाट. ती गास्केटवर, म्हणजे फट बंद करणाऱ्या रिंगवर, टेकलेली असते, त्यामुळे बाहेरचं पाणी जितकं दाबेल तितकी ती आपल्या जागी घट्ट बसते. खरी नाजूक जागा चावीची, कारण तीच एकटी रोज हलते. इथे ती नळीवर आट्यांनी फिरवून घट्ट करावी लागते आणि मगच आतली रिंग पुरती दाबली जाते. चावी चार वाजण्याच्या जागी असल्यामुळे मनगट वाकवलं तरी हाताच्या पाठीला टोचत नाही. दिवसभर खडकांना धरून चालणाऱ्याला याचं मोल कळतं.

आतलं मशीन सेकोचं ७एस२६, २१ ज्वेल्सचं (घर्षण कमी करणारे बारीक खडे). ताशी २१,६०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारं आतलं वजन, दोन्हीकडे फिरला तरी स्प्रिंग गुंडाळली जाते. ‘मॅजिक लिव्हर’ ही त्यामागची साधी, दोन पंजांची रचना सेकोने १९५९मध्ये आणली. मात्र या मशीनला चावी देता येत नाही. चाळीसेक तास काढून ठेवलं की ते थांबतं आणि हलवूनच सुरू करावं लागतं. वेळ लावताना सेकंदकाटाही थांबत नाही. माझं घड्याळ रोज थोडं पुढे पळतं. सेकंदाला सेकंद जुळायला हवा असेल त्यांनी बॅटरीवरचं क्वार्ट्झ घ्यावं. मला भरती-ओहोटीची वेळ मिनिटांत लागते. खडकांत उतरताना बेझलची, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याची, खूण मिनिटकाट्यावर आणायची, बस्स. बेझल एकाच दिशेला फिरतं, त्यामुळे धक्का लागून सरकलं तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. मुलं पाण्यात असताना हीच चूक मला परवडते.

पण डायलवरचे २०० मीटर हे कारखान्यातून निघालेल्या घड्याळाचे. रबर घामाने, साबणाने, उन्हाने कडक होतं, चपटं होतं. म्हणून कोल्हापूरच्या माझ्या घड्याळजींकडे ते नेमाने जातं. ते झाकण उघडतात, रिंग बदलतात, नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतात आणि घड्याळ पारदर्शक नळकांड्यात टांगतात. खाली पाणी, वर हवा. आधी घड्याळ हवेतच ठेवून दाब वाढवतात आणि थोडा वेळ थांबतात. मग ते पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करतात. कुठे फट असेल, तर आत शिरलेली हवा तिथून बुडबुड्यांच्या माळेने बाहेर येते आणि ते लगेच घड्याळ वर उचलतात. हे नळकांडं ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याकडे मी पाण्यातलं घड्याळ उघडू देणार नाही, माणूस कितीही कुशल असो.

घरी एवढंच करते : समुद्रातून आलं की चावी घट्ट आहे ना ते पाहून नळाखाली धरायचं आणि बेझल फिरवून खालची वाळू-मीठ धुवून काढायचं. कढत पाण्याच्या अंघोळीला ते काढून ठेवते. तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्याखाली गेलं की आतली हवा आकसते आणि थकलेल्या रिंगेतून ओल ओढून घेते.

काचेबद्दल तक्रार आहे. हार्डलेक्स ही सेकोची टणक काच सहसा फुटत नाही, पण वाळूचे ओरखडे पडतात. माझ्या काचेवर ते भरपूर आहेत.

नवं घ्यायचं म्हणून बरेच जण सेको ५ स्पोर्ट्सची एसआरपीडी मालिका घेतात, कारण चेहरा हुबेहूब हाच. तिचं ४आर३६ मशीन जास्त चांगलं आहे. चावी देता येते, सेकंदकाटा थांबतो. पण चावी आट्यांची नाही आणि मर्यादा १०० मीटरची आहे. पाऊस आणि तलावातलं पोहणं यांसाठी ती पुरेशी आहे. रोजच्या खाऱ्या पाण्यासाठी मी आजही एसकेएक्सच घेईन.

वापरलेलं घेताना काच, बेझल, चावी मूळची आहे का, हे आधी विचारा. या घड्याळाचे भाग बदलून नटवायची हौस फार आहे आणि बदललेली काच नीट बसवली नसेल, तर डायलवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. विकणाऱ्याने ‘कधी उघडलंच नाही’ असं सांगितलं, तर नव्या रिंगांचा आणि दाबाच्या तपासणीचा खर्च किमतीत धरा आणि ते होईपर्यंत समुद्रात नेऊ नका.