चार स्टार, पाचवा त्या व्हिडिओपायी कापला

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कुडाळचे तिघे या लोकांच्या हाफ डे ट्रेल राइडला, म्हणजे रानवाटेने अर्धा दिवस मोटरसायकल चालवायला गेलो, आंबोलीजवळ. वळवाचे दोन-तीन दणके पडून गेलेले, धूळ बसलेली आणि चिखल अजून झालेला नाही, यासारखं टायमिंग नाही. माणशी २८०० घेतले, गाडी पेट्रोल नाश्ता सगळं धरून. आधी जास्त वाटले, नंतर नाही वाटले.

गाड्या हिरोच्या एक्सपल्स २०० फोरव्ही, पुढचं चाक २१ इंची आणि ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, त्यामुळे जांभ्याच्या पायऱ्यांवर पोट घासत नाही. सायलेन्सर सगळे कंपनीचे. आमच्यातला एक स्वतःची गाडी घेऊन आलेला, बाहेरून बसवलेला फटफट आवाजाचा सायलेन्सर, तर गाइड म्हणाला ही इथेच शेडमधे लावा, आमची घ्या. तासभर तोंड फुगवून होता बिचारा. मग वाटेत पाणंदीत समोरून बैलजोडी आली, म्हाताऱ्या आजोबांनी लांबूनच हात केला, "वायच थांबा रे बाबानू, बैल बुजतले". सगळ्यांनी इंजिन बंद करून गाड्या कडेला घेतल्या, बैल शांतपणे गेले, आजोबा हसून गेले. त्याची ती गाडी असती तर काय झालं असतं हे त्याला न सांगता कळलं.

निघायच्या आधी गाइडने वनखात्याचा परवानगीचा कागद दाखवला. राखीव जंगलात न विचारता घुसणं हा १९२७ च्या वन कायद्यात गुन्हा आहे, आणि आंबोली चौकूळ गेळ्याला तर वरून कबुलायतदार गावकर जमिनीचा घोळ, कुठली गावाची कुठली सरकारची यावर वर्षानुवर्षं भांडण. त्यामुळे 'मोकळंच आहे की' म्हणून कुठेही गाडी घातलीत तर फॉरेस्टवाले नायतर गाववाले, कोणीतरी आडवं येणारच, आणि बरोबरच आहे त्यांचं.

मला चढावर क्लच सोडून मागचं चाक फिरवायची घाण सवय आहे. गाइडने गाडी स्टँडला लावायला लावली आणि मागे चालत नेऊन माझाच चर दाखवला, हातभर लांब, चार बोटं खोल. म्हणाला महिन्याभरात यातून वहाळ वाहील, माती खाली जाईल आणि पुढच्या वर्षी इथे वाटच नसेल. दुसरा गिअर, फुटरेस्टवर उभं राहायचं, थ्रॉटल अगदी हळू, बास. चिखल आला तर बाजूने वळसा नाही, मधूनच जायचं, कारण प्रत्येकजण बाजूने गेला की वाट रुंदच होत जाते. एका जागी तर एसटी जाईल एवढी झालीय.

पण वर कातळावर पोचलो तर नियम बरोब्बर उलटा! तिथल्या डबक्यात चाक घालायचं नाही, गाड्या खालीच ठेवून चालत गेलो. मी वाकून बघितलं, परातीएवढं डबकं, बोटभर पाणी, आणि त्यात काळे ठिपके वळवळतायत. आंबोली टोडची पिल्लं. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा छोटासा बेडूक, २००९ मधे वेगळी जात म्हणून नोंद झाली, आणि पहिल्या पावसात कातळावर साचणाऱ्या असल्याच डबक्यांत अंडी घालतो. एक टायर गेला की अख्खं डबकं साफ. मी लहानपणापासून आंबोलीला जातोय, धबधबा आणि मक्याचं कणीस यापलीकडे काही बघितलं नव्हतं.

आता तक्रार. यांच्या पेजवर सगळ्यात वर जो व्हिडिओ आहे त्यात स्लो मोशनमधे गाडी कातळावरच्या पाण्यातून फवारा उडवत जाते. तोच कातळ! आमच्या बॅचमधली दोन पोरं तेवढं बघूनच आलेली, सकाळपासून "पाणी कधी, पाणी कधी", आणि परतताना एकाने संधी साधून वहाळात गाडी आडवीतिडवी घातलीच. गाइडने चावी काढून घेतली, उरलेला वेळ तो मागच्या सीटवर. गाइडचं काम चोख, पण त्या पोराला बोलावलं कोणी? मालकाला विचारलं तर म्हणे व्हिडिओ जुना आहे हो, पण बुकिंग त्यानेच येतं. अहो मग जी गोष्ट करू देत नाही तिचीच जाहिरात करून तीच करणारी माणसं गोळा करताय की. बैल थांबून जाऊ देतानाचा व्हिडिओ टाका, मी तरी तो बघून आलो असतो.

बाकी हेल्मेटला वास मारतो, बूट ९ नंबरच्या वर नाहीत, स्वतःचे न्या. नाश्त्याला घावणे आणि फणसाची भाजी, फणस ताजा होता, दोनदा मागितली. तो पाण्याचा व्हिडिओ काढून टाकलात की इथेच रिप्लाय द्या, पाचवा स्टार टाकतो.