बद्धकोष्ठतेचे निदान-कोड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नाशिकला कॉलेज रोडवरील कार्यालयात बसून मी अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या बाह्यरुग्ण विभागाचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतील निदानांना ठरावीक कोड देते. गेले काही महिने माझ्याकडे येणाऱ्या चार्टांपैकी बरेचसे आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीच्या ‘आयसीडी-१०-सीएम’ या अमेरिकी आवृत्तीतील ‘के५९.०’ या, म्हणजे बद्धकोष्ठतेच्या, गटातले आहेत. हा गट विचारपूर्वक बांधलेला आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र डॉक्टरांनी नोंदीत जेवढे लिहिले असेल तेवढाच तो उपयोगी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये बद्धकोष्ठतेला ‘के५९.०’ हा एकच कोड आहे. अमेरिकी आवृत्तीत त्याचे सहा भाग पडतात: प्रकार न नोंदवलेली (००), आतड्याची गती मंदावल्यामुळे होणारी (०१), मलविसर्जनाच्या स्नायूंचा मेळ बिघडल्यामुळे होणारी (०२), औषधामुळे होणारी (०३), कारण न सापडलेली दीर्घकालीन (०४) आणि इतर (०९). यांतील ०३ आणि ०४ हे कोड १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झाले. नवखे कोडर हमखास अडखळतात ते ०४ पाशी. डॉक्टरांनी नुसते ‘क्रॉनिक कॉन्स्टिपेशन’ लिहिले असेल तर हात आपोआप ०४ कडे जातो. पण त्यासाठी नोंदीत ‘इडिओपॅथिक’ (कारण न सापडलेली) किंवा ‘फंक्शनल’ (आतड्याच्या कार्यातील बिघाडाची) हा शब्द हवा. केवळ ‘क्रॉनिक’ असेल तर कोड ‘के५९.०९’ लागतो.

माझ्या मते या गटातील सर्वांत मोलाचा कोड ०३ आहे. एका चार्टमध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण ऑक्सिकोडोन हे ओपिऑइड गटातील वेदनाशामक घेत असल्याचे आणि तेव्हापासून शौचास होत नसल्याचे इतिहासात स्पष्ट लिहिलेले होते; निदानाच्या रकान्यात मात्र फक्त ‘कॉन्स्टिपेशन’ होते. वाचणाऱ्याला संबंध उघड दिसत असला तरी तो जोडण्याचा अधिकार कोडरला नाही, म्हणून डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, पाठवावी लागली. त्यांनी ‘औषधामुळे’ असे लिहिल्यावर आधी ‘के५९.०३’ आणि त्यानंतर ओपिऑइडच्या दुष्परिणामाचा ‘टी४०.२एक्स५ए’ असा क्रम लावला. औषध सांगितल्याप्रमाणे घेतले असेल तरच हा क्रम बरोबर ठरतो; सांगितल्यापेक्षा जास्त घेतले असेल तर ती विषबाधा धरली जाते आणि टी-कोड पहिला येतो. क्वेरीत वेळ जातो, उत्पादकतेचा आकडा खाली येतो, तरीही मी ती पाठवतेच, कारण ‘०३’ पाहणारा पुढचा डॉक्टर नुसते रेचक लिहून न थांबता रुग्णाच्या औषधांची यादी तपासण्याची शक्यता वाढते. ‘००’ पाहून त्याला काहीच कळत नाही.

एक तक्रार मात्र आहे. ‘के५९.०’ बरोबर ‘आर१५.०’, म्हणजे अपूर्ण मलविसर्जन, एकाच भेटीसाठी लावता येत नाही. खडा होऊन मल अडकलेल्या अवस्थेचा ‘के५६.४१’ वेगळा ठेवला आहे, हे मला पटते, कारण ती पुढची आणि गंभीर स्थिती आहे. पण पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही, ही तर बद्धकोष्ठतेच्या रुग्णांची नेहमीची तक्रार असते, आणि या नियमामुळे ती कोडमध्ये वेगळी दिसतच नाही.

दोन्ही आवृत्त्या हाताळणाऱ्यांनी ‘के५८.१’ बाबत विशेष सावध राहावे. अमेरिकी आवृत्तीत हा कोड बद्धकोष्ठतेसह असणाऱ्या आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्यांच्या कार्याचा एक दीर्घकालीन विकार) आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या आवृत्तीत मात्र तोच कोड जुलाब प्रधान असलेल्या आयबीएसचा आहे आणि बद्धकोष्ठतेचा प्रकार ‘के५८.२’ मध्ये जातो. शहरातल्याच एका रुग्णालयात विम्याचे क्लेम पाहणारी माझी मैत्रीण मूळ आयसीडी-१० वापरते. आम्ही दोघी एकाच आजाराबद्दल बोलत असूनही आमचे कोड जुळत नव्हते, तेव्हा हा फरक आमच्या ध्यानात आला. इंटरनेटवर नुसता कोड टाकून शोधले तर बहुधा अमेरिकी अर्थच आधी समोर येतो. त्यामुळे भारतीय क्लेमसाठी काम करणाऱ्यांनी आवृत्तीचे नाव पाहिल्याशिवाय हा कोड उचलू नये आणि कोडशेजारी निदान शब्दांतही लिहावे.