'नानूक' आधी बघावा की 'एस्किमो'?

इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या एस्किमो लोकांवरच्या जुन्या चित्रपटांत नाव निघतं ते दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'चं (१९२२). म्हणायला मूक माहितीपट, पण बनवाबनवी बरीच. नायकाचं खरं नाव अल्लाकरियल्लाक, पडद्यावरच्या बायकाही त्याच्या नव्हेत. शिकारीला बंदूक सर्रास वापरली जायची, तरी त्याच्या हाती हार्पून (दोरी बांधलेला भाला) दिला. कॅमेऱ्याला उजेड हवा म्हणून इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, अर्धाच बांधला. बिचारं कुटुंब त्या गारठ्यात झोपण्याचं नाटक करतंय! ग्रामोफोनची तबकडी चावून बघण्याचा प्रसंग तर फारच खटकतो. भोळेपणा ठरवून दाखवलेला.

एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा 'एस्किमो' (१९३३) उघडउघड कथापट. चित्रण अलास्कात, संवाद तिथल्या इन्युइटांच्या इन्युपियाक भाषेत, मध्ये इंग्रजी पाट्या. नायक रे माला इन्युपियाक आईचा मुलगा. नायिका लोटस लाँग मात्र इन्युइट नव्हती. जाहिरातींनी बायकांच्या देवाणघेवाणीचाच गाजावाजा केला, तो प्रकार किळसवाणाच. पण इथे खलनायक आहे गोरा कप्तान, आणि त्या काळच्या हॉलिवूडमध्ये हे थोडंथोडकं नव्हतं. संकलनाचं पहिलंवहिलं ऑस्करही यालाच.

वॉलरसच्या शिकारीची दृश्यं 'नानूक'मध्येच बघावीत. मला विचाराल तर सुरुवात 'एस्किमो'पासून करा. तिथे ही माणसं निदान स्वतःच्या भाषेत बोलतात.