लाइटरूम क्लासिक घ्यावं की डिजीकॅम?

शहाद्याचा माझा भाचा लग्नाच्या ऑर्डरी घेतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दोन दिवस काढून अडीच हजार रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइली) घेऊन आला आणि विचारलं, "मामा, लाइटरूम घेऊ की फुकटचं डिजीकॅम चालवू?" दोन्ही फोटो लावून ठेवायचे आणि सुधारायचे प्रोग्रॅम; लाइटरूम म्हणजे इथे अडोबीचं लाइटरूम क्लासिक. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

कामाच्या वेगात लाइटरूम क्लासिक पुढे आहे. तापीकाठची धूळ उडालेली, सगळ्या फोटोंवर एकच पिवळट झाक. लाइटरूममध्ये एका फोटोचा रंग नीट केला, बाकीचे निवडून सिंक दाबलं की शंभर फोटो तसेच होतात. मूळ फाइलला हात लागत नाही, केलेले बदल कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीसारख्या फाइलमध्ये, नोंदले जातात. डिजीकॅममध्ये एडिटर आहे, एकदम अनेक फोटोंवर काम करायची सोयही आहे; पण रॉवर बारीक काम करायचं तर जोडीला डार्कटेबल लागतं. तेही मोफतच, पण शिकायला दोन प्रोग्रॅम झाले. आठ दिवसांत अल्बम द्यायचा असेल तर मी लाइटरूमच सांगेन.

घरच्या फोटोंचं गणित मात्र वेगळं. लाइटरूमची कॅटलॉग फाइल, आपण जागा बदलली नाही तर, सी ड्राइव्हच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये बसते, आणि तिचा बॅकअपही तिच्याच शेजारी. माझा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "डेटा डी मध्ये आहे ना?" मी हो म्हटलं. सी फॉरमॅट झाला. फोटो सगळे शाबूत होते. पण २०१६ च्या कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाला, रोटांच्या (प्रसादाच्या) पंगतीत बसलेल्या अठ्ठावीस माणसांची नावं मी मोठ्या आईजवळ बसून, एकेकाला बोट लावून विचारून लाइटरूममध्ये टाकली होती, ती कॅटलॉगबरोबर गेली. मोठी आई आता नाही. पदर पुढे ओढलेल्या त्या चार बायका कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

हे टाळता आलं असतं. लाइटरूमच्या कॅटलॉग सेटिंग्जमध्ये, मेटाडेटाच्या (फोटोसोबतच्या माहितीच्या) पानावर, बदल आपोआप एक्सएमपीत, म्हणजे ती माहिती कॅटलॉगबाहेर लिहून ठेवायच्या पद्धतीत, लिहायची टिक आहे. ती केली की जेपेगची माहिती त्याच फाइलमध्ये जाते, रॉची शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये. मी ती केलेली नव्हती. आणि ती केली तरी कलेक्शन (आपण केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोची वेगळ्या बदलांची नोंद) कॅटलॉगमध्येच राहतात. डिजीकॅम पहिल्यांदा उघडतानाच विचारतं, माहिती फाइलमध्ये लिहू का? तिथे हो म्हणा. मग टॅग आणि नावं फोटोबरोबरच फिरतात, उद्या कॉम्प्युटर बदलला तरी.

चेहरे ओळखायची सोय दोन्हींत आहे, आणि ते काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं, फोटो नेटवर पाठवावे लागत नाहीत. टॅग मराठीत टाकता येतात.

पैशाचं थोडक्यात. लाइटरूम आता भाड्यानंच मिळतं. एकदाच पैसे भरून मिळणारी शेवटची आवृत्ती २०१५ ची सहावी. भाडं थांबलं तरी क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, एक्सपोर्टही होतात. एडिटिंगचं डेव्हलप मॉड्यूल मात्र बंद होतं. डिजीकॅम २००१ पासून चालत आलेलं, मुक्त स्रोताचं. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं.

आणखी एक, लाइटरूम घेणाऱ्यांसाठी: फोल्डर विंडोजमधून हलवू नका, नाहीतर त्यावर प्रश्नचिन्ह येतं आणि तो कुठे गेला हे दाखवत बसावं लागतं. हलवायचा तर लाइटरूममधूनच हलवा.

भाच्यानं लग्नांसाठी लाइटरूम घेतलं, पहिल्याच दिवशी ती टिक करून. घरचे फोटो डिजीकॅममध्ये टाकले आणि लॅपटॉप घेऊन गावी माझ्या आईजवळ बसला. २०१६ च्या त्या पंगतीतली सतरा नावं तिनं सांगितली आहेत. उरलेल्या अकरांसाठी तो आता श्रावणात, कानबाईला सुरतेहून सगळे गावी येतील तेव्हा लॅपटॉप पुन्हा नेणार आहे.