अंगठ्याएवढा बोर्ड आणि त्यावरचा तो लाल दिवा

पुस्तकांच्या लोखंडी कपाटातून कुबट वास यायला लागला, म्हणून आत आर्द्रतेचा सेन्सर बसवायचं ठरवलं. दर पंधरा मिनिटांनी जागं व्हायचं, वाय-फायवरून एक आकडा पाठवायचा आणि परत झोपायचं, एवढंच काम. त्यासाठी ईएसपी३२-सी३ चिपचा हा इवलासा बोर्ड घेतला. या धाटणीचे बोर्ड बरेच जण बनवतात. माझ्या बोर्डावर तर बनवणाऱ्याचं नावही छापलेलं नाही.

चिपबद्दल काही तक्रार नाही. कोअर एकच आहे, पण रिस्क-फाइव्ह (खुल्या धाटणीचा प्रोसेसर), १६० मेगाहर्ट्झ आणि ४०० केबी रॅम म्हणजे सेन्सरच्या कामाला उदंड झालं. वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचं, शिवाय ब्लूटूथ लो एनर्जी. ते मी अजून वापरलेलं नाही.

खरी गंमत झोपेची. डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, डीप स्लीपला (गाढ झोपेला) ५ मायक्रोअँपिअर लिहिलंय. ते वाचून मी १००० एमएएचचा लिथियम सेल लावला आणि आता वर्षभर बघायला नको म्हणून निर्धास्त झाले. २६व्या दिवशी आकडे यायचे बंद.

मग मल्टिमीटर काढला. इथेही एक मेख आहे. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून बोर्ड सुरू केला, तर तो सुरूच होत नाही, सारखा रीसेट होत राहतो. वाय-फाय चालू होताना बोर्ड क्षणभर ३०० मिलीअँपिअरच्या वर ओढतो आणि तेवढा करंट त्या रेंजमधून जाताना व्होल्टेज कोसळतं. उपाय साधा: मीटरच्या दोन्ही टोकांना एक वायर आडवी लावून ठेवायची, बोर्ड झोपला की ती काढायची. वायर काढली आणि मीटर रेंजबाहेर गेला. मिलीअँपिअरवर घेतलं तर १.१! म्हणजे डेटाशीटच्या दोनशे पटींहून जास्त.

चोर समोरच बसला होता. बोर्डाला वीज आहे हे सांगणारा तांबडा एलईडी. तो थेट ३.३ व्होल्टच्या लाइनवर आहे, त्यामुळे प्रोग्रॅममधून बंद करता येत नाही. घरधनी झोपलाय आणि ओसरीवरचा दिवा रात्रभर जळतोय, तसला प्रकार. त्याला वीज पोचवणारा शेजारचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने उडवला. तो तिळाएवढा असतो, एकदा टेबलावरून पडला की विसरा. मीटरवर आता ४८ मायक्रोअँपिअर. उरलेले बहुतेक रेग्युलेटर (सेलचं व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग) खात असावा, त्याला मी हात लावला नाही. लो-पॉवर म्हणून विकायच्या बोर्डावर हा दिवा कायमचा का जोडतात, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

जागेपणाचा खर्चही कमी केला. राउटर शोधण्यातच तीन सेकंद जात होते. त्याचा चॅनल आणि मॅक अ‍ॅड्रेस (राउटरचा ओळख क्रमांक) झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवला, आयपी कायमचा दिला, आणि काम सेकंदावर आलं. या बदलांना तीन महिने झाले, सेल ४.२ वरून ३.९ व्होल्टवर आहे.

अँटेना अर्थातच छोटा, आणि लोखंडी कपाटात बंद केल्यावर तो बिचारा काय करणार! बोर्ड बाहेर ठेवला, सेन्सरच्या चार वायरी कुलपाच्या भोकातून आत सोडल्या.

वायरी जोडायच्या पिना मोजक्याच आहेत आणि त्यातल्या सगळ्या मोकळ्या नाहीत. दार उघडल्याचं कळावं म्हणून मी रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा) ९ नंबरला लावला होता. दार बंद असताना ती पिन ग्राउंडला जाते आणि सेल जोडताच बोर्ड डाउनलोड मोडमध्ये (नव्या कोडची वाट बघत) जाऊन गप्प बसतो, कारण बूटचं बटण त्याच पिनवर आहे. २ आणि ८ नंबरही सुरू होतानाच तपासले जातात. झोपेतून उठवायला तर ० ते ५ याच पिना चालतात, म्हणून स्विच ३ वर हलवला.

आणि हो, बोर्ड झोपला की कॉम्प्युटरवरून यूएसबी पोर्टही गायब होतो. पहिल्यांदा वाटलं, बोर्ड गेला. बूट दाबून धरा, रीसेट दाबून सोडा, मग बूट सोडा. पोर्ट परत येतो. हे दहादा केल्यावर मी प्रोग्रॅममध्ये वीज जोडल्यानंतरची पहिली दहा सेकंद जागरणाची ठेवली. नवा कोड त्यातच चढवते.